अठरा अंशांची खोली

४ नोव्हेंबर, सोमवार
अखेर सिंगापूर! हौगांगला मेधाताईंच्या फ्लॅटमध्ये एक खोली मिळाली. त्या मूळच्या डोंबिवलीच्या, इथे वीस वर्षं अकाउंटंट आहेत. पोचल्या पोचल्या त्यांनी उरलेल्या करंज्यांचा डबा पुढे केला आणि संपवल्याशिवाय उठायचं नाही, असा दम दिला. तिथून हार्बरफ्रंटपर्यंत थेट MRT, म्हणजे मेट्रो, मग दहा मिनिटं चाललं की आमचं गोदाम.

काम मजेशीर आहे: रेसिंगच्या टायरांचा हिवाळा सांभाळायचा. उत्तर युरोपातल्या टीम हंगाम संपला की टायर इकडे पाठवतात. तिकडच्या गॅरेजमध्ये पारा शून्याखाली गेला की हे मऊ रबर ठिसूळ होतं. तशात ते नुसतं हलवलं तरी आत बारीक तडा जातो, डोळ्यांना दिसत नाही, आणि पुढच्या शर्यतीत भर वेगात टायर फुटतो. आमच्या पाचही खोल्यांत बारा महिने अठरा अंश. अंधार, काळ्या पिशव्या, टायर उभे, महिन्यातून एकदा पाव फेरी. पुण्यात आठ वर्षं रबराच्या कारखान्यात काढली, पण एवढे लाड मी कुठल्याच रबराचे पाहिले नव्हते. मोजमापं वरुण बघतो. नाशिकचा, चाळिशीचा, अबोल पण कामाला चोख.

७ नोव्हेंबर, गुरुवार
प्रत्येक संचात चार टायर. तीन नंबरच्या खोलीत मात्र एक संच तीनच टायरांचा. वरुणला विचारलं. तो म्हणाला, चौथा फुटला. नॉर्वेतला एक तरुण ड्रायव्हर त्यात गेला. टायर सांभाळणाऱ्यानं ते गोठलेले असताना हलवले, असं चौकशीत निघालं. दाव्याचा निकाल लागेपर्यंत उरलेले तीन इथे ठेवायचे आहेत.
तो सांभाळणारा? पुढच्याच हिवाळ्यात स्वतःच्या गॅरेजमध्ये थंडीनं मेलेला सापडला.
वाईट वाटलं. पिशव्या तपासल्या, लेबलं नवी लावली.

१४ नोव्हेंबर, गुरुवार
सकाळी तीन नंबरमध्ये अकरा अंश. एसीवाला तासभर खटपट करून गेला, यंत्रात काहीच बिघाड नाही म्हणाला. त्या तीन टायरांना हात लावला तर ते गरम होते. नुकतेच रस्त्यावरून आल्यासारखे.

१८ नोव्हेंबर, सोमवार
टायरांत झीज मोजायची बारीक छिद्रं असतात. तिन्ही टायर गेल्या आठवड्यापेक्षा दीड मिलिमीटर झिजलेत. वरुणनं मोजलं, मग मी, मग दोघांनी मिळून. रबरात बारीक खडी रुतली होती आणि खडीला बर्फ चिकटलेला. बाहेर बत्तीस अंश.

२० नोव्हेंबर, बुधवार
आमचे मॅनेजर मिस्टर कोह यांना सगळं दाखवलं. त्यांनी शांतपणे सांगितलं, तापमानाच्या रजिस्टरमध्ये अठरा लिही. मी नकार दिला. त्यांनी माझ्या एम्प्लॉयमेंट पासची, म्हणजे इथल्या कामाच्या परवान्याची, आठवण करून दिली. मी समोरच शाईच्या पेनानं लिहिलं: सात अंश.
बाहेर आल्यावर वरुणचा बांध फुटला. माझ्या आधी शैलेंद्र होता. तो नोकरी सोडून गेला, असं मला सांगितलं होतं. खोटं. मार्चमध्ये सकाळी तो तीन नंबरमध्येच मेलेला सापडला. बोटं काळीनिळी. हृदय बंद पडलं, असा दाखला मिळाला. तोही कोह यांच्या सांगण्यावरून रोज अठरा लिहायचा.
"आणि तो गेल्यापासून ते आकडे मीच लिहितोय," वरुण म्हणाला.

२२ नोव्हेंबर, शुक्रवार
दाराच्या काचेवर आतून बर्फ. त्यावर बोटानं लिहिलेला एकच शब्द, अनोळखी भाषेतला. फोनवर अर्थ पाहिला. नॉर्वेजियन. कबूल कर.
मी काचेवर थाप मारून मोठ्यानं मराठीत सांगितलं, "तुझा टायर मी गोठवला नाही. जे केलं नाही ते मी कबूल करणार नाही."
आत काहीतरी फिरायला लागलं.

२४ नोव्हेंबर, रविवार
मेधाताई म्हणतात, सोड, परत जा, नोकऱ्या काय, मिळतील. खरं आहे. पण मी गेले तर त्या खोलीत वरुण राहील. मग माझ्या जागी जो कुणी येईल तो. शर्यतीत मेलेला पोरगा बिचारा होता, मान्य. म्हणून दर हिवाळ्याला एक सांभाळणारा त्याला द्यायचा?
नाही देणार.

२६ नोव्हेंबर, मंगळवार
ठरलं. तो त्या तीन टायरांतच आहे. टायर कापायचे. पास जाऊ दे. पुरावा म्हणून फोटो, मापं, सगळं दोन ठिकाणी पाठवलं. वरुणला सांगितलं, उद्या मी येईपर्यंत दाराला हात लावू नकोस.

२७ नोव्हेंबर
सकाळी नऊ. वरुण माझ्याआधी आला. दार उघडं. तो आत गुडघ्यांवर, तोंडातून वाफ — "मी खोटं लिहिलं, मी खोटं लिहिलं" — एवढंच. बखोटीला धरून ओढला. बाहेर ढकलला. श्वास चालू आहे त्याचा.
दार मिटलं. मी आत.

९.२० — उणे दोन. तो बाहेरून ठोकतोय. ओरडून सांगितलं, अग्निशमन दलाला बोलाव. ऐकलं त्यानं.

९.२६ — उणे सहा. पहिला कापला. आतून धूर आला — रबराचा नाही, डांबराचा. दुसरा —
दुसराही.

बोटं वळत नाहीत. पेन मुठीत धरून —

काच भरून तोच शब्द. शंभरदा. पुसून टाकला बाहीनं. वरुण दिसतोय. उभा आहे. चांगलं.

तिसरा रॅकवरून उतरला. आपोआप. भिंतीला घासत फिरतोय, वेग वाढ—
ठिणग्या

चाकू आहे हातात. माझ्यानंतर कुणाची पाळी नाही आता. ये. ये की —