ताईच्या फाटकाअलीकडचे दोन मैल

तीर्थस्वरूप सिग्रिडताईस,

धाकट्या हाल्वरचा वाकून नमस्कार. तुझी कंबर, ऑस्कर भाऊजींचा खोकला आणि कोंबड्या, सगळ्यांची खुशाली कळव. माझं म्हणशील तर बूड एका जागी टिकत नाही. हे पत्रसुद्धा विधानसभेत बसून लिहितोय. समोरचे सभासद माझ्याच खात्याचे वाभाडे काढताहेत आणि त्यांना वाटतंय मी टिपणं घेतोय. (दर पाच मिनिटांनी उठून खिडकीशी जातो. मुख्यमंत्र्यांनी दोनदा डोळे वटारले.) निवडणूक पाच आठवड्यांवर आली. गेल्या खेपेला मी एकतीस मतांनी वाचलो, हे तुला सांगायला नको. त्यातली तीन तुमच्याच घरची.

तर तो रस्ता. ताई, शपथेवर सांगतो, नकाशात डांबर थेट तुझ्या फाटकापर्यंत होतं. पण रस्तेमंत्र्याने बहिणीच्या दारात डांबर ओतलं अशी ओरड होईल, म्हणून मीच लाल पेन्सिलीने दोन मैल अलीकडे रेघ मारली. वाटलं, लोक म्हणतील, काय स्वच्छ माणूस! लोक म्हणाले, सख्ख्या बहिणीला खडीवर सोडलं, तो आपल्याला काय तारणार? वर डांबर संपलं तिथे नेमकं विरोधी पक्षातर्फे दर खेपेला माझ्याविरुद्ध उभ्या राहणाऱ्या मॅकफेलचं फाटक निघालं. आता सबंध सस्कॅचवान प्रांतात त्याच्याइतका गुळगुळीत रस्ता कुणाला नाही, आणि त्यावरून रोज गावात येऊन तो मलाच शिव्या घालतो. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय! तुझी अंडी खडीवर फुटतात, हेही मला दुकानदाराकडून कळलं. तू तर सहा आठवडे फोनच घेत नाहीस.

त्यात हा ऑक्टोबर, चर्चमधल्या टर्कीच्या जेवणांचा महिना. शनिवारी एकाच संध्याकाळी तीन पंगती: आधी कॅथलिकांची, मग युक्रेनियनांची, शेवटी आपल्या ल्यूथरनांची. कुठेही 'पोट भरलंय' म्हटलं की तिथली मतं गेलीच. तिन्हीकडे टर्की आणि बटाटे रिचवले. (युक्रेनियन बायांनी वर बटाटा भरलेल्या, उकडलेल्या करंज्यांसारख्या आठ पेरोगी वाढल्या, आणि नववी प्रेमाने.) आपल्या चर्चच्या तळघरातल्या पंगतीला पोचेतो पट्ट्याची भोकं संपली होती. तिथे वाढणाऱ्या इंगा बर्गने ताटाशेजारी कागद सरकवला. रीत तुला ठाऊकच आहे, पुढारी जेवला की भांडी घासणाऱ्यांच्या यादीत सही करतो. वीस वर्षं करतोय. तोंडात घास, एक हात कुणाच्या तरी हातात, दुसऱ्याने ठोकली सही! अगं, बायकांनी टाळ्या वाजवल्या! मला वाटलं, चला, रस्त्याचा राग निवळला. त्या भरात दोनशे ताटं एकट्याने घासली. मदतीला कुणीच आलं नाही, तेव्हाच शंका यायला हवी होती.

कंटाळलो गं या धंद्याला. बोललो तरी पाप, गप्प बसलो तरी पाप. त्याचंही काही नाही, पण तू बोलत नाहीस हे फार लागतं. आई गेल्यावर माझे कान पिळणारी तूच एक उरलीस. एकदा फोन घे आणि मनसोक्त शिव्या दे.

तुझा भाऊ,
हाल्वर

ता. क.: तो कागद भांड्यांचा नव्हता. मॅकफेल म्हातारा झाला म्हणून त्याच्या पक्षातर्फे तू माझ्याविरुद्ध उभी राहतेयस, आणि तुझ्या उमेदवारी अर्जावर सूचक म्हणून मीच सही ठोकलीय, हे मला आज मुख्यमंत्र्यांकडून कळलं. (आवाज चढवला नाही त्यांनी. तेच भयंकर.) अर्ज सोमवारी भरायचाय ना? ताई, हात जोडतो, उभी राहू नकोस. राहायचंच असेल तर निदान माझं नाव खोड. डांबर काय, उद्या टाकतो!

पुन्हा ता. क.: पोस्टात टाकायला पत्र घरी तुझ्या भावजयीकडे दिलं, तर एडनाने ते उघडून वाचलं. म्हणाली, तुमचं नाव खोडलं तरी ताईंचा अर्ज अडायचा नाही. सूचकांत सगळ्यात वरची सही खुद्द एडनाची आहे, आणि ती तिने चष्मा लावून, दोनदा वाचून केलीय.