बाहीला बाही

४ मार्च

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

माझं प्रदर्शन सुरू झालं आणि घरात भडका उडाला. तुझ्या आणि कंडक्टरमावशीच्या जुन्या गाऊनांवर मी लाल दोऱ्याने तुम्हा दोघींची अंगं भरली आहेत. ओघळलेली छाती, पोटाच्या वळ्या, मावशीच्या ऑपरेशनचा व्रण, सगळं. एका पलंगावर दोन्ही गाऊन शेजारी निजवलेत, बाहीला बाही जोडून. खाली पाटी: ‘दोन मैत्रिणी’.

बाबांनी ते पाहिलं आणि माझ्याशी बोलणंच टाकलं. आईकरवी त्यांचा निरोप आला, ‘माझ्या बहिणीची अशी शोभा करायचा हिला काय अधिकार?’ अधिकार नव्हताच, गाऊन मी ब्रश पुसायला म्हणून मागून नेले होते. तुम्हाला विचारलंच नाही. तू नको म्हणालीस तर लगेच उतरवते, पण मनापासून सांगते, उतरवायचं नाहीये.

माझ्यावरची माया आटू देऊ नकोस.
तुझी टिल्ली

९ मार्च

चि. टिल्लीस,
अ. उ. आ.

काल शिवणाचं दुकान बंद ठेवून आम्ही दोघी येऊन गेलो. तुला कळवलं नाही, नाहीतर तू आमच्या तोंडाकडेच बघत बसली असतीस. नोकरी सुटली तरी कंडक्टरची सवय सुटत नाही. पलंगाभोवती घोळका दिसताच तिने सगळ्यांना पुढे सरकायला लावलं. एक गृहस्थ नाक मुरडत होते, त्यांना हिने विचारलं की तुमच्या पोटाला वळ्या नाहीत का. मग आपला व्रण बराच वेळ बघत राहिली. तो डावीकडे हवा होता म्हणाली आणि माझ्याच पदराला डोळे पुसले. मला तर फार अभिमान वाटला.

बाह्या मात्र तू नुसत्या कच्च्या टाक्यांनी जोडल्या होत्यास. नेहमीसारखी घाई झाली असणार. रखवालदार चहाला गेला होता, सुई माझ्या पर्समध्ये असतेच. पलंगाच्या कडेला बसून दुहेरी दोऱ्याने पक्कं शिवून टाकलं.

उतरवायचं नाव काढू नकोस. पण ती पाटी बदल. अंगं उघडी दाखवायला धजलीस आणि नातं सांगताना जीभ अडखळली? ‘जोडीदार’ लिही, ठळक. कंडक्टरला चष्म्याशिवाय वाचता आलं पाहिजे.

दादाचं मी बघते. तू जेवत जा, गाऊन न्यायला आलीस तेव्हा वाळलेली दिसलीस.
आत्या

१६ मार्च

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

अगं, ते कच्चे टाके मुद्दाम होते! लोकांना वाटतं ना, की तुमचं काय, कधीही उसवेल, ते दाखवायचं होतं. कलादालनाच्या संचालकबाईंनी कपाळावर हात मारला आणि तुझी शिलाई उसवायला सांगितली. मी साफ नाही म्हटलं. मी लोकांचं म्हणणं दाखवत बसले होते, तू तुमचं सांगून मोकळी झालीस. पाटी तुझं पत्र आलं त्याच दिवशी बदलली.

काल बाबा पुन्हा आले. तू शिवलेला प्रत्येक सदरा ते आधी ओढून बघतात, तशी त्यांनी जोडलेली बाही चिमटीत धरून ओढली. मग पाटी वाचली आणि तिथेच उभे राहिले. मी खांबाआड होते. शेजारच्या एका बाईंनी त्यांना विचारलं की या दोघी कोण असतील.

बाबांनी त्यांना सांगितलं की ही माझी बहीण आणि ती तिची जोडीदार.

मावशीला नमस्कार. दोघींचा हात असाच पाठीवर असू द्या.
तुमची टिल्ली