खाडीच्या बर्फावर जाण्याआधी

मी, टिटस ओले येरेमियासेन, वय अडुसष्ट, धंदा गळाने मासे धरणे, राहणार इलुलिसात गाव, हिमनदीच्या खाडीकाठी, पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दबावाखाली नसताना, दारूचा थेंब न घेता, मात्र चांगलाच घाबरलेला असताना हे मृत्युपत्र लिहितो. घाबरलेल्या माणसाचे मृत्युपत्र चालते, असे दवाखान्यातल्या नर्सबाई म्हणाल्या. चालत नसते, तर मला ते कधीच करता आले नसते.

१. लाल घर माझी मुलगी हान्सिने हिला. खालची जमीन देता येत नाही. इथे ती कोणाच्याच मालकीची नसते. दक्षिणेच्या खिडकीतून खाडीचे तोंड दिसते, म्हणून मी तिच्यावर फळ्या ठोकल्या आहेत. त्या काढायच्या का, हे तिने ठरवावे.

२. नऊ कुत्री आणि त्यांची गाडी हीही हान्सिनेला. माझा मेहुणा एनोक याला काहीही देऊ नये. कारण असे. गेल्या मार्चमध्ये आम्ही दोघे खाडीच्या बर्फावर हॅलिबट मासे धरायला गेलो. वडिलांच्या काळी तिथला बर्फ माणूसभर जाड असे. बर्फाची जाडी बघायला मी सळई मारली. तिसऱ्याच ठोक्याला पाणी. वर हिमनदी गडगडली. मी कुत्री वळवली.

“जा, घरी बसून मोजे विण!” एनोक ओरडला.

“एनोक, पाया पडतो तुझ्या, चल.”

“माझ्या बहिणीनं नवरा केला की ससा?”

तेवढ्यात हिमनदीचा कडा कोसळला. लाट बर्फाखालून आली. बर्फ आधी फुगला, मग फाटला. मी एनोकला दोर टाकून ओढला. त्याची अकरा कुत्री गाडीच्या पट्ट्यांत अडकलेली होती. त्यांच्यापर्यंत मी गेलो नाही. त्यांचे रडणे ऐकत उभा राहिलो. टिटस धावला असता तर चार तरी वाचली असती, असे एनोक गावभर सांगतो. ते खरे आहे.

३. बोट व दोर हान्सिनेला. खाडीत जाऊ नये, अशी अट मी घालणार होतो. “बाबा, मासा तिथं आहे. मी काय डोंगरावर गळ टाकू?” असे ती म्हणाली. अट खोडली आहे.

हिमनदी मोजणाऱ्या पोरींना मी विचारले होते, “दिवसाला चाळीस मीटर पुढं पळते म्हणता, मग तिचं तोंड मागं कसं जातं?”

“पळते त्याहून जास्त तुटते, आजोबा.”

तेव्हापासून माझे जेवणावर मन नाही.

४. मी सापडलो तर मला बायकोच्या कबरीशेजारी पुरावे. न सापडल्यास शोधायला कोणालाही बर्फावर पाठवू नये. एनोकला तर मुळीच नाही.

उद्या हान्सिने खाडीत जाणार आहे. तिला एकटीला सोडवत नाही, म्हणून तिच्यापुढे सळई मारत मी चालणार आहे. सही वाकडी असली तरी माझीच समजावी.

एनोकला काही मिळत नसल्याने तो साक्षीदार चालतो. सगळे वाचून तो इतकेच म्हणाला, “पोरीच्या पुढं तू? मग तुझ्यापुढं मी.” मी नको म्हणालो. त्याने ऐकले नाही.

सही: टिटस येरेमियासेन
साक्षीदार: एनोक लुंडब्लाड; बिबियाने ग्रोन्वोल्ड, नर्स
इलुलिसात, ११ फेब्रुवारी