फोनवर ठेवलेलं बोट

मंगळवार, संध्याकाळ. सौंसर.

आज रामाकोन्याला वासुदेवभाऊंच्या वावराची मोजणी केली. मशीन लावली, हद्दीच्या जुन्या दगडापासून रेघ आणली, आणि ती संत्र्याच्या शेवटल्या ओळीच्या अलीकडूनच गेली. म्हणजे अख्खी ओळ शेजाऱ्याच्या वावरात. तीन वर्षांची झाडं.

ती ओळ कुठं लावायची ते मीच सांगितलं होतं. त्या दिवशी मशीन आणायचा कंटाळा केला. फोनवर फुकटचा नकाशा उघडला, त्यात धुऱ्याचा बांध दिसला, त्यावर बोट ठेवलं आणि म्हटलं, "भाऊ, इथवर तुमचंच." वरून काढलेलं ते चित्र जागेवरून चार-पाच हात सरकलेलं असू शकतं, हे मला माहीत नव्हतं काय? वीस वर्षांपासून मोजणीच तर करून राहिलो.

शेजारी भडकला. "रेघ कोनं दाखवली होती तुले?"

वासुदेवभाऊ माझ्याकडे न पाहता म्हणाले, "मीच अंदाजानं लावली गा."

मी मशीनच्या तिपाईचे पाय पुसत बसलो. पुसण्यासारखं काही नव्हतं त्यांच्यावर. का नाही बोललो? एवढं एक वाक्य होतं.

निघताना भाऊ गाडीपाशी आले आणि आपला फोन पुढं केला. "पोरीनं पांढुर्ण्यात प्लॉट घेतला. कुठवर हाय, जरा बोट ठेवून सांगता काय?"

टोमणा होता की अजूनही भरवसा? चेहऱ्यावरून समजलं नाही.

मी हात खिशात घातला.