अपठित उतारा

नाहूर,
१२ फेब्रुवारी १९८५

प्रिय नंदू,

घरात आईंसमोर 'अहो' आणि पत्रात 'अरे', हे लग्नानंतर तूच ठरवलं होतंस, म्हणून आजही तसंच लिहिते. आईंचा गुडघा आता बरा आहे. तुझ्यासाठी बाजूला ठेवलेली कोकमाची सोलं त्या दर मे महिन्यात बदलतात आणि शेजारणींना सांगतात, "आमची सून फ्रेंच शिकता हा, पास झाली काय झिलाकडे जातली." तुझ्या त्या ओरान शहरात सोलं मिळत नाहीत याची काळजी त्यांना माझ्यापेक्षा जास्त.

परीक्षा येत्या शनिवारी आहे. बायको फ्रेंच वाचनाची परीक्षा पास झाली तरच कंपनी तिला बोलावते, असं तू कळवलंस त्याला अडीच वर्षं झाली. तेव्हापासून मुलुंडहून आरे कॉलनीतून जाणारी बस धरून गोरेगावला कुटिन्हो मिसच्या क्लासला जाते आहे. गोठ्यांचा वास येईपर्यंत क्रियापदं, पुढे शब्दार्थ, असा तो रस्ता पाठ झालाय. गेल्या वर्षी चार मार्कांनी गेले, तेही उताऱ्यात. मिस म्हणाल्या, उताऱ्यात नसलेलं तू मनाचं लिहितेस. तुला कळवलं तर तुझं किती मायेचं पत्र आलं, घाई करू नकोस, पुढच्या वर्षी दे म्हणून. ते मी कितीतरी दिवस उशाशी ठेवलं होतं. शाळेतली कायमची नोकरी मी दोनदा नाकारली, कधीही निघावं लागेल म्हणून. मूलही तिकडे गेल्यावरच, असं आपलं ठरलं होतं. मी चौतीस वर्षांची झाले, नंदू.

दर जानेवारीत तू विम्याचा म्हणून एक कागद पाठवतोस. खाली पेन्सिलीची फुली असते, तिथे सही करून मी दुसऱ्या दिवशी पोस्टात टाकते. या वेळी मिसनी सांगितलं होतं, हाताला लागेल ते फ्रेंच वाचा, औषधाची चिठ्ठीसुद्धा सोडू नका. म्हणून आई झोपल्यावर दुपारी डिक्शनरी घेऊन त्या कागदापाशी बसले. आनंदाने बसले रे. तुझ्या तिकडचं काहीतरी आपल्याला वाचता येतंय, याचंच कौतुक वाटत होतं.

त्यात विमा नाही. कंपनीने कुटुंबासाठी देऊ केलेलं दोन खोल्यांचं घर खाली सही करणारी पत्नी स्वखुशीने नाकारते, तिला भारतातच राहायचं आहे, असं त्यात आहे. परीक्षेची अट कुठेच नाही. मला वाटलं, नेहमीसारखं काहीतरी मनाचं घातलं असणार. नावं गाळून मजकूर उतरवला, खाली माझं भाषांतर लिहिलं आणि मिसना तपासायला दिलं. त्यांनी दोनदा वाचलं आणि खूश होऊन म्हणाल्या, "आज पहिल्यांदा अगदी बरोबर केलंस, अनुपमा. एक शब्द मनाचा नाही."

परत येताना बसमध्ये रडले. लोक बघत होते, बघू दिलं. तू मला फसवलंस याचा राग आहेच, पण माझ्याच सहीने फसवलंस, ते सहन होत नाही. तिथे कोणी आहे, की तुला एकट्यालाच बरं वाटतं, ते कागदात लिहिलेलं नाही, म्हणून मी तर्क करत नाही.

शनिवारी पेपरला बसणार आहे, एवढं शिकले ते वाया का घालवू? हेडबाईंना काल हो सांगितलं, जूनपासून शाळेत कायम होईन. आईंना काय सांगायचं ते तूच कळव. त्यांनी मला विचारलं तर मी खोटं बोलणार नाही. हे पत्र लिहायला बसले ते तो कागद परत पाठवायचा म्हणून. तुला वाटेल, हिने फाडून टाकला असेल. फाडलेला नाही, पत्रासोबत आहे, आणि फुलीपाशी सहीसुद्धा केली आहे. आधीच्या दोन कागदांवरचे नकार तुझे होते. हा माझा आहे, वाचून दिलेला.

आजवर तुझीच असलेली,
अनुपमा