सर्जेराव देवणे यांची नोंद

वस्तीवरून, अंकुशनगरजवळ
बुधवार, १३ एप्रिल १९९४

ती. दुर्गाआत्या यांना विमलचा वाकून नमस्कार.

आधी चूक दुरुस्त करते आणि मग प्रकृतीचं विचारते. उलट केलं तर चूक सांगायची राहूनच जाईल. मागच्या पत्रात मी लिहिलं होतं की, प्रशिक्षणाच्या चौथ्याच दिवशी मी भरबाजारात एक खिसेकापू पकडला. आत्या, तो खिसेकापू नव्हता. आणि "पकडला" हेही पूर्ण खरं नाही, कारण तो नंतर पाणी पिऊन येतो म्हणून गेला आणि आला नाही. हे दोन्ही मी तेव्हाच लिहायला हवं होतं. (पहिली गोष्ट तेव्हा मला माहीत नव्हती. दुसरी माहीत होती. ती मी लिहिली नाही, कारण कागद संपत आला होता. पण कागद उलटून लिहिता आलं असतं, हेही खरं.) काल तुमच्या शेजारच्या उषाबाई जालन्याहून इकडे आल्या. तुम्ही माझं पत्र मस्तगडातल्या अख्ख्या गल्लीला वाचून दाखवलंत आणि वर पेढे पाठवलेत, असं त्यांनी सांगितलं. ते पेढे मी अजून खाल्लेले नाहीत. दादांनी दोन खाल्ले, त्यांना मी अडवू शकले नाही.

तुमचे गुडघे कसे आहेत? तेल लावता का? इकडे दादा आणि आई बरे आहेत. उसाला पाणी आहे.

आता सगळं क्रमाने सांगते. रामनवमीला जांबच्या यात्रेत बायकांच्या रांगेसाठी बायकाच पाहिजेत, म्हणून यंदा आमच्या ठाण्याने गावोगावच्या पोरीबाळींनाही बोलावलं. आठवड्यातून दोन-तीनदा, असे एकूण सात दिवस शिकवतात. मग दंडावर बांधायची पट्टी, शिट्टी आणि "विशेष पोलीस अधिकारी" असं छापलेलं ओळखपत्र देतात. नेमणूक तीनच दिवसांची आहे. पगार नाही, एक वेळचं जेवण आहे. (मागे मी "पोलिसात लागले" असं लिहिलं होतं. तेही कृपा करून गल्लीत दुरुस्त करून सांगा.) दादा म्हणतात, तीन दिवसांच्या साहेबिणीला सात दिवसांची शाळा कशाला. पण आत्या, माझ्या नावाचा आजवरचा प्रत्येक कागद "रामकिसन यांची मुलगी" म्हणून निघाला. या एका कार्डावर माझं नाव आणि माझं काम एवढंच असणार आहे. ते मला फार हवं आहे. किती हवं आहे हे घरात कुणाला सांगितलेलं नाही.

आम्ही सत्तावीस जण आहोत, त्यात चार बायका. कवायतीत मी पहिली असते, हे मागे लिहिलं ते खरं आहे. पण उंचीने सगळ्यात कमी म्हणून रांगेत पहिली उभी असते, असं वाचावं. साडीवर कॅनव्हासचे बूट घालून डावं-उजवं करताना पहिल्या दिवशी मी एकटीच उजवीकडे वळले आणि कुणाला धक्का लागला नाही याचंच समाधान मानलं. शिकवायला हवालदार तातेराव आहेत. मिशा मोठ्या, आवाज त्याहून मोठा, पण स्वभावाने अगदी गुळाची ढेप. त्यांचा एकच धडा आहे. गर्दीत तोंडाकडे बघायचं नाही, हाताकडे बघायचं. "चोर तोंडानं चोरत न्हाई, बाई. तोंड तर समद्यांचंच गरीब दिसतं." मी हे वहीत पहिल्या पानावर लिहून ठेवलं, खाली दोन रेघा ओढल्या आणि तिथेच घात झाला.

चौथ्या दिवशी आम्हाला आठवड्याच्या बाजारात सोडलं. ठाण्यातला एक शिपाई साध्या कपड्यात खिसेकापू बनून फिरणार आणि आम्ही त्याला हुडकायचं. मला बैलबाजाराची कड मिळाली. तुम्ही मला घरी पाटीवर अक्षरं शिकवलीत, पाढे शिकवलेत, पंचांग वाचायला शिकवलंत, त्यामुळे मी शाळेत एकदम तिसरीत बसले. पण बैलबाजार तुम्हीही कधी पाहिला नव्हता, कारण तिथे आपल्याकडच्या बाया जातच नाहीत. बैल घरी येतो तेव्हा आपण त्याच्या पायावर पाणी घालतो. तो कुठून आणि कसा आला हे आपल्याला कुणी सांगत नाही. म्हणून दोन माणसं एकमेकांना खेटून उभी आहेत, दोघांचे हात एका उपरण्याखाली गेलेत, वर दोघेही आभाळाकडे बघत ऊसपाण्याच्या गप्पा मारताहेत आणि खाली उपरण्यात बोटांची वळवळ चालली आहे, हे पाहून मी काय समजायचं? मी शिट्टी फुंकली. एक लांब आणि दोन आखूड, शिकवल्याप्रमाणे बराबर. उपरण्यातले हात सुटले. ज्याच्या मनगटाला मी धरलं त्याने तोंडाला उन्हाचा रुमाल गुंडाळलेला होता आणि डोळ्यावर काळा चष्मा होता. त्यामुळे तर माझी खात्रीच पटली.

बैलाचा भाव चारचौघांत कळू नये म्हणून कपड्याखाली बोटं दाबून ठरवतात, आणि अर्ध्यात हात सुटला की अपशकुन धरून तो सौदा त्या दिवशी पुन्हा करत नाहीत, हे मला तातेरावांनी संध्याकाळी सांगितलं. "पोरी, तू चोर न्हाई धरला, गिऱ्हाईक पळवलं," असं म्हणून ते इतके हसले की त्यांना बसावं लागलं. (खरा शिपाई चार तास फिरून शेवटी आपणच तंबूत आला आणि म्हणाला, "मला कोन्ही धरून राह्यलं का न्हाई? भूक लागली.")

पण तोवर मी त्या माणसाची रीतसर नोंद केली होती. मान खाली घालून, नजर त्याच्या हातावर ठेवून. नाव विचारलं तर तो आधी बैलाकडे बघून मग घोगऱ्या आवाजात म्हणाला, "सर्जेराव." आडनाव? पुन्हा बैलाकडे बघून "देवणे." वय विचारलं तर "सहा" म्हणाला आणि लगेच "शेहेचाळीस" म्हणाला. मी "शेहेचाळीस" लिहिलं. उजव्या अंगठ्याचं नख काळं, करंगळीजवळच्या बोटात तांब्याचं नागाचं वळं, हेही लिहिलं. मग पाणी पिऊन येतो म्हणाला. पाणी मागणाऱ्याला नाही म्हणू नये, ही तुमचीच शिकवण. तो बैलासकट गेला.

आता खरी गोष्ट. पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे काल, मी आपल्या पोलीस पाटलांकडे, रखमाजीकाकांकडे, चांगल्या वर्तणुकीचा दाखला आणायला गेले. त्यांची सही-शिक्का सोमवारी दुपारपर्यंत ठाण्यात पोचला नाही तर नेमणूक नाही. नंदाकाकूंनी साखरेची गाठी दिली. काकांनी चष्मा लावला, शिक्का उचलला आणि कागदावर हात टेकवला. उजव्या अंगठ्याचं नख काळं. तांब्याचं वळं, नागाचं. आत्या, ज्यांना मी लहानपणापासून काका म्हणते त्यांचं तोंड मी बाजारात ओळखलं नाही, आणि घरात हात ओळखला. खिडकीतून गोठ्यातला बैल दिसत होता. त्याचं नाव सर्जा, जात देवणी, वय वर्षं सहा.

माझ्या तोंडावर काय दिसलं कोण जाणे. काकांनी शिक्का खाली ठेवला आणि काकू चुलीकडे गेल्याचं बघून हळू आवाजात बोलले. बैल काकूंच्या माहेरचा, त्यांच्या भावांनी दिलेला. तो मारका आहे आणि काकांना दोनदा त्याने वखरासकट बांधावर नेऊन टाकलं आहे. म्हणून गुपचूप विकायला नेला होता. काकूंना सांगितलं होतं की लंगडतो, म्हणून जनावरांच्या डॉक्टरला दाखवतो. "तुझी सही उद्याच्या उद्या देतो बाळा. फकत तुझ्या वहीतला तो सर्जेराव तसाच राहू दे. कुनाचं काय बिघडतं?"

कुणाचंच काही बिघडत नाही, हे मी कालपासून स्वतःला सांगते आहे. पण आमच्या वह्या येत्या सोमवारी फौजदारसाहेब सगळ्यांसमोर मोठ्याने वाचून घेणार आहेत, आणि मला तिथे उभं राहून एका बैलाचं नाव माणसाचं म्हणून वाचावं लागेल. तुम्ही पाटी पुसताना म्हणायचात, पाहिलं ते लिही, ऐकलं ते विचार, वाटलं ते गिळ. सर्जेराव मी ऐकला आणि विचारला नाही. खरं नाव लिहिलं तर ते तालुकाभर होईल, काकांची फजिती होईल, काकूंना कळेल आणि माझ्या दाखल्यावर शिक्का उमटणार नाही. नाही लिहिलं तर कार्ड मिळेल आणि त्या कार्डावरचं काम मी पहिल्याच दिवशी खोटं केलेलं असेल. दादांना विचारलं नाही. ते हसतील, आणि दोन पेढे त्यांच्या पोटात आहेतच.

एरवी इथे सगळं फार चांगलं चाललं आहे, हे मात्र खोटं नाही. दोर धरून गर्दी मागे सारायला मला छान जमतं. केशरबाई म्हणून एक आजी सरावाला खोट्या यात्रेकरू बनून येतात आणि रांग मोडतात. त्यांना मी मागच्या खेपेला पहिल्यांदा मागे फिरवलं. त्या म्हणाल्या, "बिलकुल सुनेवानी बोलतीस." मला दिवसभर बरं वाटलं.

तुमचा आशीर्वाद असावा, बाकी काही मागणं नाही.

तुमची,
विमल

ता. क. "बाकी काही मागणं नाही" हे वर लिहिलं ते चुकलं. रविवारी दुपारच्या गाडीने तुम्ही याच. रखमाजीकाकांना तुम्ही राखी बांधता. सोमवारी कुणीतरी मोठ्या माणसाने नंदाकाकूंजवळ बसायला हवं, बैलाचं कळल्यावर त्या काय करतील याची मला भीती वाटते. हे पत्र जालन्याला परत निघालेल्या उषाबाईंच्या हाती देते, उद्या चौदा तारखेची सुट्टी, पोस्ट बंद.

ता. क. दुसरा. पाकीट डकवत होते तेवढ्यात नंदाकाकू विरजण मागायला आल्या. इकडचं तिकडचं बोलून जाता जाता म्हणाल्या, "काय गं, लंगडा बैल दवाखान्यात नेताना कोन्ही शिंगं घासून तेल लावतं का? पोळा होता का त्या दिवशी?" त्यांना पहिल्याच दिवशी कळलं होतं. बैल परत आला म्हणून त्या गप्प आहेत आणि काकांची तोंडं बघून मजेत आहेत. मी काकांना यातलं काही सांगायचं नाही, असं त्यांनी मला बजावलं. आता माझ्याकडे दोन्ही बाजूंची गुपितं आहेत आणि दाखला कोराच आहे. तेव्हा तुम्ही याच, पण काकूंजवळ नाही, काकांजवळ बसायला.

ता. क. तिसरा. शिक्का मिळाला नाही तर बुधवारी, रामनवमीला, मी पट्टीशिवाय जांबला जाईन आणि बायकांच्या रांगेत नीट उभी राहीन. हे ठरलं. पेढा आत्ता एक खाल्ला. वहीतलं सर्जेराव देवणे हे नाव खोडून त्याखाली खरं नाव मी काकांना आधी सांगून लिहिणार आहे, त्यांच्याच ओसरीवर, सोमवारी, १८ एप्रिलला, सकाळी सात वाजता.