पहिल्याच पानावर पकडलेला शिंपी

ती. दादांना सा. न.

गुडघा आता जिना चढू देतो का? वहिनींचा खोकला गेला असेल. इकडे सगळे मजेत, म्हणजे मी एकटाच, आणि मी मजेत नाही. तुमची बहीण नऊ दिवस तुमच्याकडे आहे, तेव्हा माझ्याविरुद्धची फिर्याद तिखटमीठ लावून तुमच्या कानावर आलीच असेल. आता आरोपीचंही ऐका.

तिने तीन वर्षं खपून रहस्यकथा लिहिली. घरमालकाचा खून कोणी केला, हे नवऱ्यालाही सांगितलं नाही. (मी विचारलंच नाही, असं ती म्हणते. विचारलं असतं तर सांगितलं असतं थोडंच?) बांधणीचं काम घरच्याच बाइंडरचं, म्हणजे माझं. सोळा पानांचा एक फर्मा, असे चौदा फर्मे. टेबलावर ओळीने गठ्ठे लावायचे आणि डाव्या टोकापासून एकेक उचलत जायचं. बावीस वर्षांत हात आपोआप चालतो, डोळ्यांना काही कामच नसतं. पण छापखान्याने शेवटचा फर्मा दोन दिवस उशिरा पाठवला. जागा उरली होती फक्त डाव्या टोकाला, तिथे ठेवला. झालं! तीनशे प्रती शिवल्या, कव्हरं चढवली, कडा कापल्या. काम इतकं चोख की एकही प्रत बरोबर नाही.

प्रकाशनाला मुख्याध्यापिकाबाईंनी चष्मा पुसून पहिलं पान मोठ्याने वाचलं. (वर २०९ आकडा होता, पण व्यासपीठावर आकडे कोण बघतो?) दुसऱ्याच ओळीत शिंप्याने कात्री खाली ठेवली आणि खून कबूल केला. तुमच्या बहिणीने माझ्याकडे पाहिलं. लग्नाला एकोणीस वर्षं झाली दादा, पण असं तिने कधी पाहिलं नव्हतं.

आता लोकांची तऱ्हा बघा. लोकांना पुस्तक आवडलं! समोरचा औषधवाला म्हणतो, खुनी आधीच कळल्यामुळे शिंपी नुसता माप घ्यायला वाकला तरी छातीत धडधडायचं. वरच्या मजल्यावरच्या नर्सबाई म्हणतात, कोण कोण करत पानं उलटायची कटकट नाही, माणसं निवांत वाचता आली. मी उरलेल्या प्रती उसवायला बसलो होतो, तर पुस्तकविक्रेत्याचा निरोप, दुसरी आवृत्तीही अशीच बांधा. मला वाटलं, ही बातमी ऐकून ती निवळेल. फोन केला, तर आगीत तेल! शेवट तीन वर्षं झाकून ठेवला तो काय वेडी म्हणून, असं म्हणाली. मग एकच प्रश्न विचारला.

‘‘कोणी मारलं ते गावाला ठाऊक झालं. का मारलं, ते तू सांग.’’

मी छापखान्याच्या उशिराचं सांगू लागलो. तिने फोन ठेवला. आता तुम्हीच सांगा, चांभार काय प्रत्येक जोडा पायात घालून बघतो? चूक हाताची आहे, मनाची नाही. वडीलकीच्या नात्याने तिला चार शब्द समजवा.

तुमचा मेहुणा (अजून तरी)

ता. क. खरं काम असं की, शिंप्याने का मारलं ते तिला न कळू देता विचारून घ्या आणि मला कळवा. दोन ओळी पुरेत.

ता. क. २. वरचं काम रद्द. पत्र पाकिटात घालायच्या आधी एक प्रत उघडली आणि दिवसभर दुकान उघडलंच नाही. खुनी कोण हे ठाऊक होतं, तरी शिंपी गेलेल्या बायकोचा अर्धवट शिवलेला झगा उसवायला घेतो तिथे मला रडू आलं. ही बाई तीन वर्षं शेजारच्या खोलीत बसून हे लिहीत होती दादा, आणि मी दारातून विचारायचो काय, तर जेवायला किती वेळ आहे. लाज वाटते.

ता. क. ३. तिला काही समजवू नका. रविवारी सकाळी मीच येतोय. तिला आधी मुळीच सांगू नका, आणि बेल वाजली की दार तिलाच उघडू द्या.